शांतारामला काम द्या

मराठी घरात टेरियर पहिल्यांदा आला तो गाण्याच्या तबकडीवर बसून. बालगंधर्वांचं नाट्यपद असो की लताबाईंचं भावगीत, तबकडीच्या मधोमध कर्ण्यापुढे मान कलती करून बसलेला तो पांढरा कुत्रा असायचाच. आजोबा तबकडी फडक्याने पुसायचे, सुई अलगद टेकवायचे आणि घरातल्या पोरांना दम द्यायचे, ‘तो कुत्रा बघा, कसा गुपचूप ऐकतोय!’ दोनतीन पिढ्यांना हाच दाखला मिळाला आणि हाच गैरसमज झाला. खरं सांगायचं तर त्या चित्रात टेरियरच्या स्वभावाला धरून एकच गोष्ट होती, ती म्हणजे मिनिटाला 78 गिरक्या.

त्या कुत्र्याचं नाव निपर. 1884चा जन्म, इंग्लंडातल्या ब्रिस्टल गावचा. आल्यागेल्याच्या पोटऱ्या धरायची खोड होती म्हणून हे नाव पडलं. आता असं कार्टं कर्ण्यापुढे इतकं गुमान बसलं कसं? तर निपर वारला 1895 साली आणि फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराने ते चित्र पुरं केलं त्यानंतर काही वर्षांनी. टेरियर स्वस्थ बसलेला रंगवायचा तर एवढं थांबावं लागतं.

हे मी ज्यांना सांगतो ते हसतात आणि पिल्लाची किंमत विचारतात.

टेरियर घ्यावा का म्हणून लोक माझ्याकडे सल्ल्याला येतात याचं कारण माझा व्यासंग नव्हे. कोथरुडातल्या आमच्या सोसायटीत आमची आणि शेजारच्या फ्लॅटची भिंत सामाईक आहे, आणि तिच्या पलीकडे एक जॅक रसेल टेरियर राहतो. त्याचं नाव शांताराम. नावाचा काही गुण लागेल अशी घरच्यांना आशा होती. आता ते ‘शांताराम, शांत!’ असं दिवसभर ओरडतात, त्यामुळे पलीकडून दोन आवाज येतात आणि त्यांतला कुत्र्याचा कमी त्रासदायक असतो.

सल्ल्याला येणाऱ्या माणसाच्या हातात मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये तीस सेकंदांचा व्हिडिओ. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, एक कान उभा, एक दुमडलेला, चेंडू हवेत झेलला, कोलांटी मारली, संपलं. ‘किती गोड आहे ना?’ आहेच. तीस सेकंद टेरियरइतकं गोड जगात काही नाही. आपल्याला विचार करायचा असतो तो उरलेल्या तेवीस तास, एकोणसाठ मिनिटं, तीस सेकंदांचा.

सिनेमावाल्यांनीही यात हातभार लावलाय. ‘द मास्क’मध्ये मुखवटा पळवणारा कुत्रा जॅक रसेल. 2011च्या ‘द आर्टिस्ट’मध्ये मालकाला आगीतून वाचवणारा अगी हाही जॅक रसेल, जो पुढे ऑस्करच्या मंचावर जाऊन आला. या अगीला आधीच्या घरांनी ‘आवरत नाही’ म्हणून वाटेला लावलं होतं, हे मात्र पडद्यावर दिसत नाही. युक्रेनमध्ये पॅट्रन नावाचा जॅक रसेल जमिनीतले स्फोटक सुरुंग हुंगून दाखवतो. मे 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्कींनी त्याला पदक दिलं तेव्हा कॅनडाचे पंतप्रधान ट्रुडोही हजर होते. पॅट्रन भुंकला, त्याने शेपूट हलवली, आणि ट्रुडो आपले खिसे चाचपू लागले, एखादं बिस्किट सापडतंय का अशा बेताने. भुंकण्यासरशी एका देशाचा पंतप्रधान जिथे खिसे चाचपतो, तिथे आपला काय पाड?

पण अगी काय किंवा पॅट्रन काय, दोघांचं एक साम्य व्हिडिओ पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दोघंही नोकरीला होते.

टेरियरला ही नोकरीची चटक लावणाऱ्यांत एक पाद्रीबुवा आहेत. रेव्हरंड जॉन रसेल, जन्म 1795, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातले. धर्मोपदेश हा त्यांचा पेशा आणि कोल्ह्याची शिकार हा त्यांचा धर्म. पाद्र्यांनी शिकारीला जाऊ नये म्हणून बिशपसाहेबांनी कान उपटले, पण बुवा बधले नाहीत. ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांना एका दूधवाल्याकडे पांढरी कुत्री दिसली, डोळ्यांवर, कानांवर आणि शेपटीच्या बुडाशी तेवढा तपकिरी ठिपका. लोक दूधवाल्याकडून दूध घेतात, यांनी कुत्री घेतली. तिचं नाव ट्रम्प. आजचे सगळे जॅक रसेल स्वतःला तिच्या खानदानातले म्हणवतात. तिचं चित्र इंग्लंडच्या राजघराण्याने सँड्रिंगहॅमच्या वाड्यात लावलंय. बुवा 1883 पर्यंत जगले, म्हणजे सत्त्याऐंशी वर्षांचे होऊन गेले. रोजचा व्यायाम भरपूर होता.

त्या काळी शिकार अशी चाले : पुढे कोल्हा, मागे शिकारी कुत्र्यांचा कळप, त्यामागे घोडेस्वार. कोल्हा शहाणा, तो बिळात शिरे. मग टेरियरला आत सोडत. त्याने कोल्ह्याला मारायचं नाही, फाडायचं नाही, फक्त तोंडासमोर उभं राहून एवढं भुंकायचं की कोल्ह्याने ‘यापेक्षा बाहेरचं मरण बरं’ म्हणून दुसऱ्या तोंडाने पळ काढावा. या एका कामासाठी कुत्रा घडवला गेला. बिळात शिरता यावं म्हणून छाती इतकी चिंचोळी, की मोठ्या माणसाच्या दोन पंजांच्या वेढ्यात मावते. गडबडीत आपलेच शिकारी कुत्रे त्याला कोल्हा समजू नयेत म्हणून रंग पांढरा. आणि कोल्हा हलेना तर वर कुदळ-फावडी घेऊन उभ्या असलेल्या माणसांना नेमकं कुठे खणायचं ते कळावं म्हणून आवाज असा, की मातीच्या थरातून आरपार वर यावा. तोच आवाज आज आमच्या सामाईक भिंतीतून येतो. भिंत चार इंची आहे. त्याच्या दृष्टीने ती नाहीच.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. मेंढ्या राखणारा कुत्रा धन्याच्या शिट्टीकडे कान लावून काम करतो. पाडलेलं बदक उचलून आणणारा लॅब्राडोर हुकमाची वाट पाहतो. टेरियर मात्र जमिनीखाली, अंधारात, एकटा, आपल्याहून मोठ्या जनावरासमोर उभा असतो. तिथे पुढे सरकायचं की मागे, हे विचारायला कोणी नाही. विचारून ठरवणारा टेरियर परत येत नसे, आणि जो परत आला नाही त्याची पिल्लं झाली नाहीत. म्हणून पिढ्यान्पिढ्या जो उरला तो स्वतःच्या अकलेने चालणारा. धन्याचा आवाज पोचत नाही अशाच जागी काम करायला ज्याचं कूळ घडवलं, त्याच्या चित्राखाली ग्रामोफोन कंपनीने ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ छापलं. जाहिरातीच्या धंद्यात एवढी थाप चालते.

आपल्याकडे म्हणतात, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. टेरियरच्या बाबतीत उलटं आहे. इथे अख्खा कुत्रा नळीत जातो आणि शेपूट तेवढं बाहेर उरतं. पूर्वी ते मुद्दाम मुठीत मावेल एवढं आखूड कापत, बिळातून ओढून काढायला मूठ म्हणून. आता ती क्रूरता समजली जाते, आणि तसं होणं योग्यच आहे. मूठ गेली, बिळात शिरणं राहिलं.

आता हा कुत्रा उचलून तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेत आणा. कोल्हा नाही, बीळ नाही, कळप नाही, घोडे नाहीत. मालक आणि मालकीण सकाळी नऊला हिंजवडीला जातात. घरात आजी, देव्हारा, टीव्ही आणि शांताराम. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, ही म्हण कोणी केली ते माहीत नाही, पण त्याच्या आळीत टेरियर असणार. काम नसलं म्हणून टेरियर बसून राहत नाही. तो स्वतःची नेमणूक करून घेतो आणि लगेच रुजू होतो.

शांतारामकडे सध्या पुढील खाती आहेत. गॅलरीतल्या पारव्यांचा बंदोबस्त. लिफ्टचं दार कोणत्या मजल्यावर उघडलं याची वर्दी. कुकरच्या शिट्ट्यांची मोजदाद. तिसरी झाली की तो गॅसपाशी जाऊन भुंकतो, आणि हे एक काम तो आजींपेक्षा चोख करतो. कुंड्यांतल्या मातीचं उत्खनन हे मूळ खातं असल्याने तुळस आता उंच स्टुलावर असते आणि आजी टाचा उंचावून पाणी घालतात. पार्सलवाला पोरगा आला की शांताराम त्याची सही न घेता त्याला सोडत नाही. सही पॅंटवर असते.

एके संध्याकाळी मी त्यांच्याकडे साखर मागायला गेलो आणि बसलो, कारण उठायची सोय नव्हती. ट्यूबलाइटमागे पाल होती. शांताराम सोफ्याच्या पाठीवर चढून बसला होता. चारही पाय एका ओळीत, मान वर, कान पुढे, उजवा पंजा अर्धवट उचललेला. अंगावरचा एकही केस हलत नव्हता, फक्त मागच्या मांड्या थरथरत होत्या, मिक्सर सुरू होण्याआधी व्हावं तशा. टीव्हीवर मालिकेतल्या सूनबाईंचं कारस्थान ऐन रंगात आलं होतं, पण कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. आजींच्या हातातली जपमाळ एका मण्यावर अडकली होती. पाल दोन बोटं सरकली. शांतारामच्या घशातून बारीक ‘उंऽऽ’ निघालं. मालकांनी न बोलता उठून शोकेस दोन्ही हातांनी धरलं, मालकिणीने चहाचा ट्रे पदराखाली घ्यावा तसा छातीशी घेतला. साऱ्या घराची कवायत पाठ होती.

मग झेप. सोफ्यावरून शोकेसवर, तिथून भिंतीला एक पाय लावून वर. एवढ्याशा कुत्र्याचं डोकं ट्यूबच्या पट्टीला टण्णकन लागलं. पाल घाबरली, शेपटी टाकून पसार झाली, आणि ती वळवळणारी शेपटी पडली नेमकी सोफ्याच्या गादीवर. शांतारामने ती घेतली, शास्त्रोक्त झटकली, आणि आजींच्या पायाशी नेऊन ठेवली. आजींनी पाय वर घेतले. त्या दिवसापासून ट्यूबलाइटमधून बक्षिसं पडतात हे शांतारामला पक्कं ठाऊक आहे, आणि रोज संध्याकाळी सातला तो ड्यूटीवर हजर असतो. पाल असो वा नसो.

‘पण एवढासा तर आहे,’ असं येणारे म्हणतात. आहे. खांद्यापाशी पंचवीस ते तीस सेंटिमीटर उंची आणि पाच-सहा किलो वजन. ही माहिती तुम्हाला आहे, त्याला नाही. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड 1910 मध्ये वारला तेव्हा अंत्ययात्रेत नऊ देशांचे राजे होते. शवपेटीमागून राजाचा सीझर नावाचा फॉक्स टेरियर चालला होता आणि त्याच्या मागून हे सगळे राजे. जर्मनीचे कैसर यावर नाराज झाले म्हणतात. सीझरला आपण पुढे आहोत यात काही वावगं वाटलं नसावं. टेरियरला वाटत नाही.

आमच्या सोसायटीतले कैसर म्हणजे सेक्रेटरी. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने 23 ‘हिंस्र’ जातींवर बंदी घालायचं पत्रक काढलं, तेव्हा त्यांनी ते छापून आणलं. यादीत ‘पिटबुल टेरियर’ होतं. सेक्रेटरींनी ‘टेरियर’खाली लाल रेघ मारून शांतारामच्या दारावर चिकटवलं. मालकांनी समजावलं की जॅक रसेल यादीत नाही. पुढे ते पत्रकच न्यायालयात टिकलं नाही. शिवाय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळायला किंवा लिफ्टमधून न्यायला मनाई करता येत नाही, महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस मात्र लागते. शांतारामकडे दोन्ही होतं. सेक्रेटरींनी कागद वाचून घेतला आणि ते म्हणाले, ‘भुंकण्याचा परवाना कुठाय?’

हे शीतयुद्ध मिटलं ते घुशीमुळे.

घूस ही सोसायटीची जुनी सभासद. पार्किंगच्या फरशा खचवते, वायरी कुरतडते, वर्गणी देत नाही. मुंबईत महापालिका यासाठी रात्रपाळीची माणसं ठेवते, काठी आणि बॅटरी घेऊन फिरणारी, आणि त्यांना एका रात्रीत तीस उंदरांचा हिशोब द्यावा लागतो. लंडनमध्ये हेच काम एकेकाळी करमणूक म्हणून चाले. 1823 साली बिली नावाच्या बुल-टेरियरने आखाड्यात 100 उंदीर साडेपाच मिनिटांत मारले आणि बघ्यांनी पैजा जिंकल्या. आमच्या सोसायटीने दोन्हीच्या मधला मार्ग काढला होता. दर सर्वसाधारण सभेत घुशीवर चर्चा होई.

एका पावसाळी रात्री जेवणानंतरच्या फेरीला शांताराम निघाला, ए विंगच्या कोपऱ्यात पावसाळी पाण्याच्या पाइपाशी थबकला, त्याने एकदा हुंगलं आणि पट्ट्यातून मान काढून आत गेला. अख्खा. मालक नुसता पट्टा धरून उभे. दहा मिनिटांत सगळ्या गॅलऱ्या भरल्या. आवाज येत होता पण कुठून ते कळेना. आधी मीटर-रूमखालून, मग बागेतल्या घसरगुंडीखालून. चेअरमन कुदळ घेऊन आले. सेक्रेटरी लुंगीवर होते, ते ओल्या पेव्हर ब्लॉकवर सरळ पालथे पडले, कान जमिनीला लावला आणि हात वर करून म्हणाले, ‘इथे! इथेच आहे! शांताराम, बाळा, ये रे!’ ज्या आवाजाविरुद्ध त्यांनी तीन नोटिसा काढल्या होत्या, तो ऐकू यावा म्हणून ते आता सगळ्यांना गप्प बसवत होते.

डेव्हनमध्ये रसेलबुवांच्या काळात माणसं अशीच जमिनीला कान लावून, फावडी घेऊन उभी राहत. आमच्या कमिटीला याची कल्पना नव्हती, पण सगळं यथासांग चाललं होतं. पुढचा भागही शास्त्राप्रमाणेच झाला. टेरियरने मारायचं नसतं, बाहेर काढायचं असतं. पाइपाचं दुसरं तोंड बी विंगसमोर उघडतं आणि बघायला आलेली बरीचशी मंडळी नेमकी तिथे उभी होती. मांजराएवढी घूस त्या तोंडातून सुटली ती थेट गर्दीत. महिला मंडळाच्या अध्यक्षा टाकीवर चढल्या. त्या कशा चढल्या ते त्यांना नंतर दाखवता आलं नाही. मागोमाग गटारातून काढल्यासारखा काळा शांताराम आला, अंग झाडलं आणि सगळ्यांना थोडं थोडं दिलं. नंतर डॉक्टरांनी जखमा पाहिल्या, लेप्टोस्पायरोसिसची लस वेळेवर दिली होती म्हणून हायसं झालं. घुशीच्या वाटेला जाणाऱ्या कुत्र्याला ती चुकवून चालत नाही.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला : ‘घुशींच्या उपद्रवाबाबत सभासदांनी शांताराम यांच्याशी संपर्क साधावा.’ ‘यांच्याशी’ असं आदराने. त्या रात्री भिंतीपलीकडे चिडीचूप होतं. शांताराम दमून नव्हे, काम झालं म्हणून झोपला होता.

म्हणून जेव्हा कोणी विचारतं, ‘आम्ही घेऊ का?’ तेव्हा मी उलट विचारतो, ‘का घ्यायचाय?’ उत्तरं ठरलेली असतात.

‘मुलांना सोबत होईल.’ होईल. पण मुलांनी कान ओढला तर लॅब्राडोर सुस्कारा टाकतो, टेरियर जाब विचारतो. मुलगा पळाला की तो पाठलागाचा विषय होतो. आणि वाढदिवस घरी करणार असाल तर ऐका : 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्विंकी नावाच्या जॅक रसेलने 100 फुगे 39.08 सेकंदांत फोडून गिनीज विक्रम केला. एकेकाळी हाच विक्रम तिच्या आईच्या नावावर होता. ज्या घराण्यात फुगे फोडण्याची परंपरा आहे, तिथे केक कापेपर्यंत सजावट उरत नाही.

‘आमच्याकडे मांजर आहे, जमेल ना?’ पिल्लूपणापासून एकत्र वाढले तर कधी कधी जमतं. ससा किंवा पिंजऱ्यातले उंदीर असतील तर विचारूही नका.

‘मी त्याच्यामुळे रोज चालेन.’ तासभर तरी चालावं लागेल, तेही पाऊस असो, लग्न असो. पण नुसतं पळवून टेरियर दमत नाही, त्याने त्याचा सराव होतो. तुम्ही महिनाभर त्याला टेकडीवर पळवलंत की महिन्याअखेर तुमच्याकडे टेकडी चढून आलेला ताजातवाना कुत्रा असतो. त्याचं डोकं दमवावं लागतं. पोळीचे तुकडे घरभर लपवून शोधायला लावा, जुन्या चादरीच्या गाठींत खाऊ बांधा, गॅलरीत टोपभर वाळू द्या आणि उकरू द्या. आणि मोकळ्यावर पट्टा सोडू नका. खारीमागे गेलेल्या टेरियरला हाक ऐकू येते, पण ती त्याला कामातला व्यत्यय वाटते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ‘कोरडी खाऊ नको’ म्हणून. ते कुत्रं थांबलं. महाराज पुढे पंजाबपर्यंत गेले त्याची कारणं निराळी आहेत, पण त्या जागी जॅक रसेल असता तर एवढं एकच कारण पुरलं असतं.

‘लहानपणी जरा मस्ती करतो, मग निवळतो ना?’ हा प्रश्न विचारताना त्यांच्या आवाजात काकुळती येते. ब्रिटनमध्ये 2022 साली एका अभ्यासात तीस हजारांवर कुत्र्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. 18 जातींत सर्वाधिक अपेक्षित आयुष्य निघालं जॅक रसेलचं : 12.72 वर्षं. फ्रेंच बुलडॉगचं 4.53. शिवाय सरासरीला न जुमानता पंधरा-सोळा वर्षं काढणारे जॅक रसेलही असतात. म्हणजे मुलगा पहिलीत असताना पिल्लू आणलंत तर ते त्याची दहावी पाहील, बारावी पाहील, आणि कॉलेजातून तो मैत्रिणीला घरी घेऊन येईल तेव्हा तिच्या पोटरीशी आधी ओळख करून घेईल. निवळणं या काळात कुठे बसवायचं ते तुम्ही ठरवा.

मग हा कुत्रा कोणाला शोभतो? याचं उत्तर मला तळमजल्यावरच्या काकांकडे पाहून मिळालं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पहाटे साडेचारला उठतात. परिसरात रस्ता कुठेही खणला की काका तिथे हजर. खोली किती, खडी कोणती, वर्क ऑर्डर दाखवा. ठेकेदार त्यांना लांबून पाहिलं की चहाला जातात. घरची माणसं त्यांना ‘जरा स्वस्थ बसा’ असं दिवसभर सांगतात, आणि ते शांतारामइतकंच ऐकतात.

शांतारामचे मालक रात्रीच्या मीटिंगांनी पिचले होते. काकांनी एकदा सहज विचारलं, ‘सकाळी मी नेऊ का याला?’ तेव्हापासून दोघं जोडीने पाहणी करतात. खड्डा दिसला की काका काठावर उभे राहतात आणि शांताराम आत उतरतो. काका वरून विचारतात, ‘काय, पाणी लागलं का?’ आतून उत्तर येतं. माती उपसून फेकल्याशिवाय शांताराम वर येत नाही आणि मुकादमाचं नाव लिहून घेतल्याशिवाय काका हलत नाहीत. आठ वाजता दोघं चिखलाने माखलेले परततात. शांताराम दुपारी झोपतो. काकाही झोपतात. दोन्ही घरच्यांचं म्हणणं आहे की एवढी शांतता कित्येक वर्षांत नव्हती.

तेव्हा कुत्र्याचा स्वभाव बघून उपयोग नाही, तो दोनशे वर्षांपूर्वीच ठरलाय. स्वतःचा बघा. शेजाऱ्याचा नळ ठिबकताना ऐकून तुमची झोप उडते का? विजेचं बिल सात रुपयांनी जास्त आलं तर तुम्ही ऑफिसात जाता, की भरून टाकता? पत्त्यांचा डाव हरलात तर ‘अजून एक’ म्हणता का? एखादी गोष्ट ‘सोडून दे’ असं सांगितलं की ती तुम्हाला अधिकच महत्त्वाची वाटते का? उत्तरं ‘हो’ असतील तर तुम्ही आणि टेरियर यांची गाठ कोणीतरी वरच बांधलेली आहे, घ्या. संध्याकाळी दमून आल्यावर पायाशी ऊबदार काहीतरी असावं एवढीच इच्छा असेल, तर लोकरीचे मोजे चांगले मिळतात. आणि एवढं ऐकूनही मन टेरियरवरच असेल तर मोठा झालेला, कोणीतरी ‘आवरत नाही’ म्हणून सोडलेला बघा. त्याचे गुण आधीच जाहीर झालेले असतात.

अजूनही ठरत नसेल तर शांतारामला चार दिवस घेऊन जा. मालकांशी मी बोललोय. हवं तर आठवडा ठेवा, पंधरवडा ठेवा, मी काही विचारायला येणार नाही. पहाटे साडेचारला तेवढं त्याला काकांकडे पोचवायचं. बावधनला नवीन काम निघालंय आणि दोघांनाही रजा चालत नाही.